वळशात सापडलेलं ठाणे

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ मुंबईहून निघत नसे, ठाण्याहून निघे. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याला जोडलेली यादी काढून बघा. तीन नंबरचा रस्ता आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर, धुळे, नाशिक करत ठाण्यावरून मुंबईत शिरतो. चार नंबरचा मात्र ठाण्याजवळ या तीन नंबरला फुटतो आणि पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत मद्रासला जातो. म्हणजे उत्तरेची आणि दक्षिणेची वाट जिथे वेगळी व्हायची ते ठिकाण आमचं. ठाणेकराला तलावांचा अभिमान असतो, पहिल्या रेल्वेचा असतो, मामलेदार मिसळीचा तर असतोच असतो. या फाट्याचा अभिमान असलेला ठाणेकर मला अजून भेटायचा आहे. कारण उघड आहे. तलाव रात्री हॉर्न वाजवत नाहीत.

आता ते नंबर बदलले, पाट्या बदलल्या. फाटा तिथेच राहिला आणि त्याच्याभोवती गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक मोठा वळसा तयार झाला. तीन हात नाक्यावरून निघा, माजिवडा, साकेत, खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा, महापे, ऐरोली करत मुलुंडला या आणि कोपरीच्या पुलावरून पुन्हा तीन हात नाक्यावर उतरा. गाडी कुठेही मागे न फिरवता तुम्ही जिथून निघालात तिथे पोचता. महापालिकेच्या माणसाला विचारा, ठाण्याला रिंगरोड आहे का, तर तो नाही म्हणेल. ट्रेलरवाल्याला विचारा, तो आहे म्हणेल. दोघंही खरंच बोलतात. हा वळसा कुणी आखला नाही. त्याचा एकेक तुकडा वेगळ्या वर्षी, वेगळ्या खात्याने, कुठल्या तरी एका गावाला चुकवण्यासाठी बांधला, आणि शेवटी तुकडे एकमेकांना जाऊन मिळाले.

मी नौपाड्यात वाढले आणि नौपाड्यातल्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. माझे वडील, आमचे अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. त्यामुळे आमच्या घरात जेवताना रस्त्यांच्या गोष्टी चालत. कुठे डांबर उखडलंय, कुठल्या पुलावर एकेरी वाहतूक आहे, कुठल्या नाक्यावर तासभर गाडी उभी राहिली. आई म्हणायची, दुसऱ्यांच्या घरी माणसांविषयी बोलतात, आमच्याकडे खड्ड्यांविषयी.

तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असतो. मी फळ्यावर आधी साष्टीचं बेट काढायचे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. उल्हास नदी कल्याणकडून येते आणि ठाण्याच्या डोक्यावरून वसईच्या खाडीकडे जाते. शहराच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर, खाडीपलीकडे पारसिकचा. दक्षिणेला ठाण्याची खाडी रुंद होत जाते, कडेला चिखल आणि खारफुटी. वर ठाण्याशी मात्र ती पिशवीच्या तोंडासारखी आवळलेली. बेटावरून देशावर जायचं तर पाणी ओलांडायला सोयीची जागा तीच. पोर्तुगीजांनी किल्ला तिथे बांधला, मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला, इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस. सगळ्यांना हवं होतं ते हे आवळलेलं तोंड. मुलांना मी सांगायचे, ठाणे का वसलं हे पाठ करू नका, नकाशा बघा, कळेल.

पुण्याचा रस्ता सुरुवातीला ठाण्यावरून जातच नव्हता. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाट गाड्यांना खुला झाला तेव्हा मुंबईचा माणूस पनवेलपर्यंत होडीने जायचा आणि तिथून पुढे गाडीने. ठाण्याची वाट होती ती नाशिकची, पुढे आग्र्याची. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर, गव्हर्नर डंकनने शीवला बांध घातला आणि मुंबई साष्टीला जोडली गेली. म्हणून आजही शीवपासून ठाण्यापर्यंतच्या त्या रस्त्याला म्हातारी माणसं आग्रा रोड म्हणतात. पाटीवर लाल बहादूर शास्त्री मार्ग आहे. रिक्षावाला ‘एलबीएस’ म्हणतो.

१६ एप्रिल १८५३ ला आगगाडी ठाण्यात आली हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल झाला आणि गाडी कल्याणला गेली, हे कुणी सांगत नाही. ती गाडी पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, खाडीच्या काठाकाठाने मुंब्र्याकडे जायची. रेल्वेला ते वळण जाचायला लागलं, म्हणून तिने डोंगर पोखरला. १९१६ मध्ये सव्वा किलोमीटरहून लांब असा पारसिकचा बोगदा सुरू झाला. या भागातला पहिला बायपास तो. जलद गाड्या सरळ बोगद्यातून जायच्या, धीम्या गाड्या कळवा-मुंब्र्यावरून. आणि पुढे त्या बोगद्याच्या माथ्यावर, अगदी तोंडाशी, झोपड्या झाल्या, कचरा साठला, भिंतींची काळजी रेल्वेला लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा घडते.

नौपाड्यात आग्रा रोड कसा यायचा ते आजच्या खुणांवरून सांगते. मुलुंड चेकनाका, तीन हात नाका, हरिनिवास, तीन पेट्रोल पंप, वंदना, खोपट, मग माजिवडा, कापूरबावडी, बाळकुम आणि कशेळीचा पूल. नौपाड्याबाहेरच्या माणसाला तीन पेट्रोल पंप हे नाव ऐकून हसू येतं. ब्राह्मणी वळणाची वस्ती, गल्लीगल्लीत क्लासेस आणि पोळीभाजी केंद्रं, आणि मधोमध एकाच चौकाला तीन पंप कशाला? अहो, तो महामार्ग होता. नाशिककडे जाणारा ट्रक शहर सोडण्याआधी टाकी भरायचा. एसटीची दोन स्थानकं, वंदनाचं आणि खोपटचं, त्याच रस्त्यावर आहेत तीही त्याचमुळे. स्थानक हलवायला सरकारला पन्नास वर्षं लागतात, पंप तर हलतच नाहीत. म्हणून जुना महामार्ग शोधायचा तर मैलाचे दगड शोधू नका, पंप आणि एसटी स्टँड शोधा.

आम्ही मुलं पंपासमोर फूटपाथवर बसून गाड्यांचे नंबर बघायचो. तेव्हा नंबरात राज्याचं अक्षर पहिलं असायचं. जी म्हणजे गुजरात, यू म्हणजे उत्तर प्रदेश, पी म्हणजे पंजाब. जो आधी ओरडेल त्याला एक गोटी. पंजाबचा ट्रक दुर्मीळ, त्याला दोन. सरदारजी ड्रायव्हर खाली उतरून हापशावर केस सोडून तोंड धुवायचा आणि आम्ही बघत राहायचो. भारताचा नकाशा मी पुस्तकात नंतर पाहिला, आधी तीन पेट्रोल पंपावर पाहिला. एमएच झीरो फोर वगैरे पाट्या १९८९ नंतरच्या. त्यात तो खेळ उरला नाही.

अण्णांची ड्युटी बहुतेक भिवंडीला, कधी पनवेलला, कधी मुक्कामी शहापूरला. भिवंडीची गाडी बाळकुमपर्यंत वस्तीतून जायची, मग दोन्ही बाजूंना भातशेती, मग कशेळी. पूल अरुंद. समोरून ट्रक आला की कुणी मागे घ्यायचं यावरून रोज वाद. अण्णांचा नियम होता, ज्याच्या गाडीत बाई-पोरं जास्त त्याने मागे घ्यायचं नाही. ट्रकवाल्याकडे बाई-पोरं कुठून असणार! म्हणजे अण्णा कधीच मागे घेत नसत. पूल उतरला की काल्हेर, पूर्णा, आणि भिवंडीत शिरलं की मागांचा खडखडाट. मी एकदा शाळेला सुट्टी असताना त्यांच्या गाडीत इंजिनाच्या खोक्यावर बसून गेले होते. ते खोकं इतकं तापायचं की फ्रॉक खाली दुमडून बसावं लागे.

पुण्याची वाट ठाण्यातूनच, पण दुसऱ्या अंगाने. स्टेशनाकडून कोर्टनाका, कळव्याचा ब्रिटिश काळातला पूल, मग रेतीबंदर, मुंब्रा, कौसा, शीळ आणि पनवेल. होडीचे दिवस गेल्यावर आणि मोटारी आल्यावर मुंबईहून पुण्याला जायला दुसरा रस्ताच नव्हता. खाडीच्या खालच्या अंगाला पूल नव्हता ना. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते. बाईंनी वर्गात विचारलं, याचा ठाण्यावर काय परिणाम होईल? एक मुलगी म्हणाली, शांतता होईल. झाली, वर्ष-दोन वर्षं.

पूर्व द्रुतगती महामार्ग हा ठाण्याचा पहिला मोठा बायपास. शीवपासून आग्रा रोडला समांतर, पण पूर्वेच्या मोकळ्या जमिनीतून येणारा, मुलुंडपुढे कोपरीला रुळांवरून उडी मारून पश्चिमेला येणारा आणि तीन हात नाक्याला नौपाड्याची कड कापून माजिवड्याकडे जाणारा. हेतू हा, की लांबच्या गाड्यांनी हरिनिवास, वंदना, खोपटमध्ये शिरू नये. त्या वेळी त्या रस्त्याच्या पलीकडे कारखाने होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झालं आणि वागळे इस्टेट उभी राहिली. पोखरणला रेमंडची गिरणी त्याही आधीची. महामार्गावरच्या थांब्यांची नावं अजून त्या काळची आहेत: नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज. आज नितीन कंपनीला उतरणाऱ्या पोरांना तिथे कास्टिंग व्हायचं हे माहीत नाही. कारखाने गेले, त्या जागांवर टॉवर आणि मॉल आले, आणि जो रस्ता शहराच्या बाहेरून गेला होता तो शहराच्या मधोमध आला. १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हाच हे दिसायला लागलं होतं. नव्वदीत तर आम्ही नौपाडेकर पोखरणला, वसंत विहारला मुलांसाठी घरं घेऊ लागलो, आणि आई-वडिलांना भेटायला येणाऱ्या मुलाला महामार्ग ओलांडणं भाग पडलं.

मग उड्डाणपूल. १९९५ च्या युती सरकारने मुंबईत आणि आसपास पंचावन्न पूल बांधायचं ठरवलं, त्यासाठी १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ काढलं, आणि त्या खर्चासाठी मुंबईच्या पाच वेशींवर टोल बसला. आमच्या वाट्याला त्यातले दोन आले, आनंदनगरचा आणि मुलुंड चेकनाक्याचा. मुलुंडला राहणाऱ्या बहिणीकडे गाडीने जायचं तर टोल. कोणत्याही दुसऱ्या देशात सख्ख्या बहिणीकडे जायला कर भरत असतील असं वाटत नाही. लहान गाड्यांचा तो टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, पंचवीस वर्षांच्या आत-बाहेर. तोपर्यंत आम्हा दोघी बहिणींची गाडी चालवायची वयं गेली होती.

पण ठाण्याच्या वळशाची खरी गोष्ट टोलची नाही, कंटेनरची आहे. १९८९ मध्ये न्हावा शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. जहाजातला बराच माल आता मुंबई बेटात न उतरता खाडीपलीकडे उतरू लागला. त्याला गुजरातला जायचं, नाशिकला जायचं, भिवंडीला जायचं, आणि या तिन्ही वाटा कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा करत ठाण्यावरूनच जातात. भिवंडीच का? मुंबईत माल शिरला की जकात. म्हणून व्यापाऱ्याने माल वेशीबाहेर ठेवला. काल्हेर, कशेळी, पूर्णा, मानकोली, अंजूर, दापोडे, जिथे अण्णांच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना भात होता तिथे पत्र्याच्या छपरांची गोदामं झाली. शेतकऱ्याला भातापेक्षा भाडं बरं. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, गोदामं गेली नाहीत. आज कुणी ऑनलाइन मागवलेला कुकर नौपाड्यात येतो तो बहुतेक वेळा भिवंडीहूनच येतो.

या गाड्यांना सामावायला कशेळीचा जुना रस्ता पुरेना, म्हणून माजिवड्याहून साकेत, खारेगाव, मानकोली, रांजनोली करत वडप्याला जाणारा ठाणे-भिवंडी बायपास झाला. राज्यात खाजगीकरणातून, बांधा-वापरा-हस्तांतरित करा म्हणून जे रस्ते पहिल्यांदा झाले त्यातला हा. मग दक्षिणेच्या अंगाला ऐरोलीचा पूल, १९९९ मध्ये. मग मुंब्र्याच्या बाजाराला चुकवून डोंगराच्या अंगाने काढलेला मुंब्रा बायपास. हा शेवटचा तुकडा लागला आणि वळसा पुरा झाला.

मागच्या हिवाळ्यात भाच्याला म्हटलं, रविवार आहे, मला हे सगळं एका दमात बघायचंय. तो म्हणाला, मावशी, लोक लोणावळ्याला जातात. पण आला बिचारा.

माजिवड्याचा पूल चढला की एक फाटा घोडबंदरला जातो. पूर्वी त्या रस्त्याने बोरिवलीकडे जाताना गायमुखच्या घाटात बिबट्या दिसल्याच्या गोष्टी असायच्या. आता गायमुखपर्यंत टॉवर आहेत. आम्ही सरळ गेलो. साकेतच्या पुलाखाली खाडी, खारेगावला उजवीकडे वळण आणि रेतीबंदरला मुंब्रा बायपासची चढण. तिथे मी भाच्याला गाडी हळू घ्यायला सांगितली.

उजवीकडे पारसिकचा डोंगर कापून काढलेली भिंत, पावसाळ्यात जिथून दगड येतात. वर मुंब्रादेवीचं देऊळ. डावीकडे खाली मुंब्रा, त्यापलीकडे खाडीची चकाकी. पुढे तीन मल्टिएक्सल ट्रेलर पहिल्या गिअरमध्ये रांगत होते, क्लचचा जळका वास गाडीत आला. हा रस्ता मुंब्र्याला टाळायला बांधला. पण १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडलेली हजारो मुसलमान कुटुंबं मुंब्र्यात आली होती. खाडी आणि डोंगर यांच्या मधली जागा भरली, मग वस्ती वर चढली, बायपासच्या कठड्याला येऊन टेकली आणि काही ठिकाणी पलीकडेही गेली. दोन पोरं बॅट घेऊन ट्रेलरच्या पुढून धावत गेली. एक बाई डोक्यावर पाण्याचा डबा घेऊन दुभाजकावर उभी होती, पलीकडे जायची संधी बघत. कठड्याला कपडे वाळत घातले होते. टायरवाला, चहावाला, पंक्चरवाला, बिर्याणीची हंडी, सगळं होतं. बायपास म्हणतात त्याला कागदावर. त्या बाईला तो घरासमोरचा रस्ता आहे.

२०१८ च्या मे महिन्यात दुरुस्तीसाठी हा बायपास बंद केला तो सप्टेंबरपर्यंत. त्या चार महिन्यांत ठाण्याला कळलं की तो किती ओझं उचलत होता. अवजड गाड्या ऐरोलीवरून, भिवंडीवरून, घोडबंदरवरून वळवल्या. तीन हात नाक्यावर दुपारी बारा वाजता रिक्षा हलेना. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि नौपाड्यातल्या आया मुलांना चालत न्यायला लागल्या, जे खरं तर त्यांनी नेहमीच करायला हवं होतं. अवजड गाड्यांना शहरातून जायला दुपारचे काही तास आणि रात्री दहानंतरची वेळ ठरवून दिलेली आहे. म्हणून दहा वाजता घोडबंदरला, माजिवड्याला, खारेगावला एकदम बांध फुटतो. रात्री गॅलरीत उभं राहिलं की नौपाड्यातही तो गोंगाट ऐकू येतो.

शीळफाटा, महापेचा घाट, ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोलीचा पूल, मुलुंड. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रस्ता बरा आहे. कोपरीचा पूल मात्र बघण्यासारखा. पूर्वी इकडे चार पदरी, तिकडे चार पदरी, आणि रुळांवर मधेच दोन-दोन असायचे. वर्षानुवर्षं सगळा पूर्व द्रुतगती महामार्ग या एका पुलावर येऊन तुंबायचा. तो रुंद होऊन २०२३ मध्ये खुला झाला. भाचा म्हणाला, आता तुंबत नाही. आम्ही तीन हात नाक्याला पोचलो आणि तिथे तुंबलो.

कल्याण-डोंबिवलीकर हे वाचून हसतील, कारण त्यांचं गाऱ्हाणं अजून जुनं आहे. कल्याणचा पत्रीपूल शंभर वर्षांचा, २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१ मध्ये मिळाला. मधल्या काळात शीळ रस्त्याची जी अवस्था झाली ती तिथल्या माणसालाच विचारावी. तिकडे एमएमआरडीएने हेदुटण्यापासून टिटवाळ्यापर्यंत बाह्यवळण रस्ता आखला आहे, कल्याणकर त्याला रिंगरूट म्हणतात. तो टप्प्याटप्प्याने होतो आहे. पण टप्पा पुरा होण्याआधी त्याच्या कडेला इमारतींचे फलक लागतात, हे मी टिटवाळ्याला गणपतीला जाताना पाहिलं आहे.

जगात हे फक्त आमच्याकडे होतं असं नाही. लंडनभोवतीचा एम २५ रस्ता १९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, १८८ किलोमीटरचा, आणि काही वर्षांतच तो रुंद करायला घ्यावा लागला. दिल्लीचा रिंगरोड पन्नासच्या दशकातला, आज तो शहराच्या पोटात आहे आणि त्याच्याबाहेर आउटर रिंगरोड आहे. हैदराबादने मात्र एक शहाणपण केलं. तिथला १५८ किलोमीटरचा बाह्य रिंगरोड बंदिस्त ठेवला, ठरलेल्या ठिकाणीच चढायचं-उतरायचं, स्थानिकांसाठी शेजारी सर्व्हिस रोड. मुंब्रा बायपासला हे केलं असतं तर ती पाण्याचा डबा घेतलेली बाई दुभाजकावर उभी राहिली नसती, तिच्यासाठी खालून रस्ता असता. माझं मत असं, की ठाण्याला रस्ते कमी पडले नाहीत, दारं जास्त पडली. बायपास बांधणारं खातं एक, त्याच्या कडेला बांधकामाची परवानगी देणारं दुसरं, अनधिकृत बांधकामाकडे पाठ फिरवणारं तिसरं. तिघांना एका खोलीत बसवणारं चौथं खातं अजून निघायचं आहे.

आणि ओझं वाढतच आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. नागपूरहून ७०१ किलोमीटर भरधाव आलेली गाडी भिवंडीजवळ आमण्याला उतरते आणि त्याच जुन्या ठाणे-भिवंडी बायपासला लागते. तो माजिवडा ते वडपे आठ पदरी करायचं काम चालू आहे. आनंदनगरहून साकेतपर्यंत महामार्गाच्या डोक्यावरून उन्नत रस्ता होतो आहे, म्हणजे बायपासचा बायपास. येऊरच्या डोंगराखालून बोरिवलीला जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन पंतप्रधानांनी जुलै २०२४ मध्ये केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली, २२ स्थानकं, रायलादेवी, वागळे, लोकमान्यनगर, बाळकुम, राबोडी करत पुन्हा ठाणे स्टेशन. शहराच्या वाट्याला पहिल्यांदाच मुद्दाम आखलेलं एक वर्तुळ येतं आहे, तेही रस्त्याचं नाही. आणि कापूरबावडी, बाळकुम, कशेळी, काल्हेर करत भिवंडीला जाणारी मेट्रो ५ तर शब्दशः अण्णांच्या गाडीचा रूट आहे. अण्णा असते तर म्हणाले असते, पुलावर मागे कुणी घ्यायचं हा वाद तरी मिटला.

या सगळ्यापलीकडे विरार-अलिबाग महामार्ग येऊ घातला आहे. वसई, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, पनवेल, उरण, पेण यांना बाहेरून कवेत घेणारा. न्हावा शेव्याचा ट्रेलर या रस्त्याने ठाण्याला न शिवता गुजरातला जाऊ शकेल, आणि ठाण्याचा श्वास थोडा मोकळा होईल. फक्त त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन आत्ताच बंद करा. पहिला डांबराचा थर पडण्याआधी, पहिली टायरची टपरी उभी राहण्याआधी. नंतर केलेलं अतिक्रमण हटाव हा आपल्याकडे वार्षिक उत्सव असतो, त्याने रस्ता मोकळा होत नाही.

आणि घोडबंदरला, कोलशेतला किंवा शीळ रस्त्याला घर घेणाऱ्या वाचकाला एक सांगणं. जाहिरातीत हायवे टच असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. सॅम्पल फ्लॅट दुपारी बघू नका. रात्री साडेदहाला तिथे जा, गॅलरीत अर्धा तास उभे राहा, आणि मगच चेक लिहा.